भोंगा झाला की

१

कारखान्याचा भोंगा दोन तऱ्हांनी वाजतो. दर बुधवारी दुपारी बाराला वाजतो तो चाचणीचा, एकसुरी. त्याच्याकडे कुत्रीसुद्धा लक्ष देत नाहीत. दुसरा विषारी वायू सुटल्याचा, वर-खाली होत राहतो, कुणीतरी ऊर बडवून घ्यावा तसा. तो झाला की हातातलं असेल ते टाकायचं, एसी बंद करायचा आणि बाथरूममध्ये शिरायचं.

बाथरूम अशासाठी की आमच्या घरात तीच सगळ्यांत आतली खोली. खिडकी एकच, मोठ्या पुस्तकाएवढी. तिच्या कडांना रुंद चिकटपट्टी लावायची, मग दाराच्या फटींना, आणि दाराखाली ओला टॉवेल घट्ट दाबायचा. मला सगळं मिळून दीड मिनिट लागतं. माझा भाऊ क्लोविस टबाच्या काठावर बसतो, मांडीवर त्याचं ऑक्सिजनचं यंत्र. मी कमोडच्या झाकणावर. मग बसून राहायचं, धोका टळल्याचा लांब भोंगा होईपर्यंत.

"राजाराणीसुद्धा सिंहासनावर इतका वेळ बसत नाहीत, डेल," क्लोविस म्हणायचा. दर वेळी तोच विनोद. मीही दर वेळी हसायचे. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. जन्मभर साखरेच्या गिरणीत खपला, आणि फुप्फुसं उरली ती अशी. मी, व्हर्डेल ऊब्रे, तीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. बॅटन रूजची एक भाची सोडली तर आम्हा दोघांनाही आता दुसरं कोणी नाही. वडिलांनी बांधलेलं हे घर आहे, आणि अंगणात एक पिकानचं झाड.

मार्चमधल्या एका गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, दुसरा भोंगा झाला. हवेला खोकल्याच्या औषधासारखा गोड वास होता. आम्ही चाळीस मिनिटं बसलो. लांब भोंगा झाला, मी उठले आणि खिडकीची पट्टी काढायला हात वर केला.

काचेवर वाफ धरली होती. सगळ्या काचेवर नाही. तिच्यावर गोल डाग होते, काचेला तोंड लावून श्वास सोडला की उमटतात तसे. चार. तीन वर होते. एक अगदी खाली, खिडकीच्या चौकटीला टेकून.

क्लोविस टबावरून हललेला नव्हता. मीही लांब भोंगा होईपर्यंत माझ्या जागेवरून उठले नव्हते. मी बघत असतानाच ते डाग कडांपासून आक्रसत गेले आणि काच कोरडी झाली.

२

माणसाचं डोकं आधी सोयीचं कारण शोधतं. मी म्हटलं, बंद खोली, ओला टॉवेल, मार्च महिना. वाफ धरणारच. ती गोलच का धरली, तर काच जुनी आहे, वेडीवाकडी आहे. खालचा डाग? तो टॉवेलमुळे. मी टॉवेल उचलला. तासाभरापूर्वी पिळला असता तर बादलीभर पाणी निघालं असतं. आता तो उन्हात वाळल्यासारखा कडक होता.

त्याचं कारण मला सापडलं नाही. मी तो धुवायला टाकला.

आमच्या सिदोनी बेंड गावाची गोष्ट एवढीच की गुलामी संपल्यावर अकरा कुटुंबांनी नदीच्या बांधापासून उसापर्यंत लांबच लांब पट्ट्यांची जमीन घेतली आणि त्यावर घरं बांधली. ऊब्रे, झेनॉन, नार्सिस, सगळे त्यांतलेच. मग उसाच्या जागी कारखाना आला. मग दुसरा आला. एक दिवस परगण्याच्या कार्यालयातल्या नकाशावर आमच्या गल्लीचा रंग बदलला. पिवळा होता तो जांभळा झाला. जांभळा म्हणजे पुढेमागे इथे कारखानाच होणार. आम्हाला कोणी विचारलं नाही. मी नकाशा बघायला गेले तेव्हा खिडकीतली बाई म्हणाली, "नोटीस लागली होती ना." कुठे लागली होती, ते तिला सांगता आलं नाही.

त्यानंतर घरं एकेक करून जायला लागली. कोणी मेलं की मुलं विकायची. कोणी आजारी पडलं की स्वतःच विकायचं. करार झाल्यावर आठवड्याभरात घर पाडणारं पिवळं यंत्र यायचं, आणि संध्याकाळपर्यंत तिथे नुसतं गवत पेरलेलं असायचं. पायऱ्यासुद्धा ठेवायचे नाहीत.

मार्चच्या त्या गुरुवारी गल्लीत तीनच घरं उभी होती. आमचं, समोर अल्सीद नार्सिसचं आणि कोपऱ्यावर मिस इझोरा झेनॉनचं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मिसच म्हणतात. मिस इझोरा जानेवारीत वारल्या होत्या. गर्भाशयाचा कॅन्सर होता, नंतर हाडांत गेला. त्यांचं घर पुढच्या मंगळवारी पाडलं. अल्सीद आणि मी रस्त्यात उभे राहून बघत होतो.

"म्हातारीने चाळीस वर्षं त्या ओट्यावरून मला शिव्या घातल्या," अल्सीद म्हणाला. "गाडी वाकडी लावतोस, गवत कापत नाहीस, चर्चमध्ये पेंगतोस. आता कोण घालणार?"

"मी घालते ना. गवत काप मेल्या."

तो हसला. मग त्याने तीनदा घसा खाकरला. ती त्याची लहानपणापासूनची सवय.

दोन दिवसांनी भोंगा झाला. मी पट्टी लावली, टॉवेल दाबला, झाकणावर बसले. क्लोविसचं यंत्र टक् करून फुस्स होत होतं. त्या टक् आणि फुस्सच्या मधल्या शांततेत मला एक बारीक शिट्टी ऐकू आली. श्वास आत घेताना नाही, सोडताना. नाकातून.

मिस इझोरांचं नाक लहानपणी मोडलं होतं. चर्चमध्ये त्या माझ्या मागच्या बाकावर बसायच्या. ती शिट्टी मी पन्नास वर्षं ऐकली होती.

मी क्लोविसकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्या दिवशी त्याने सिंहासनाचा विनोद केला नाही.

३

बस चालवणाऱ्याला मोजायची खोड लागते. आरशात न बघता, नुसत्या आवाजावरून मला कळायचं आत किती पोरं आहेत ते. एखादं कमी असलं की पाठीला जाणवायचं. त्या खोलीत माझी पाठ मोजायला लागली.

एप्रिलमध्ये दुसरा भोंगा चारदा झाला. पहिल्यांदा सहा जण होते. मग आठ. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि ऐकायचे. म्हाताऱ्या माणसाचा घरघरता श्वास. बाईचा, अर्धाच घेऊन सोडलेला. आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लहानसा, फार भराभर चालणारा, मधेच अडकणारा. तो मी ओळखत होते. ट्रूडी, मिस इझोरांची नात. दम्याची. बसमध्ये माझ्या मागच्याच सीटवर बसायची आणि तिचा पंप माझ्या खिशात असायचा. सहा वर्षांची होती. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

भोंगा नसताना मी एकदा सगळं करून बघितलं. रविवारी, चर्चहून आल्यावर, लख्ख उजेडात. पट्टी, टॉवेल, दार. तासभर एकटी बसले. नळाच्या थेंबाशिवाय काही नाही. बाहेर आले तर क्लोविस दारातच उभा.

"काय करत होतीस?"

"काही नाही. फरशी घासत होते."

"चर्चच्या कपड्यांत?"

मी त्याच्याकडे बघितलं. "क्लोविस, तुला ऐकू येतं ना?"

त्याने नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाला, "ऐकू यायचं सोड. मागच्या वेळी माझ्या गुडघ्याला कोणीतरी टेकलं होतं." आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याने रेडिओ मोठा केला.

रात्रीच्या जेवणाला, लाल घेवडा आणि भात वाढताना, त्याने विषय काढला. "विकून टाकू, डेल. भाची केव्हापासून बोलावतेय बॅटन रूजला. तिच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. माझ्याच्याने ही हवा आता ओढवत नाही."

"आणि ती मंडळी?"

"कोण मंडळी?"

"तुझ्या गुडघ्याला टेकतात ती."

त्याने चमचा खाली ठेवला. "मेलेल्या माणसांना कसली हवा लागते?"

"मग ती येतात कशाला?"

 मला उत्तर ठाऊक होतं आणि त्यालाही. भोंगा झाला की माणूस घरात पळतो. त्यांना पळायला घर राहिलं नव्हतं. गल्लीत आता दोनच दारं होती.

४

मे महिन्यात अल्सीदने विकलं. स्वतः सांगायला आला, टोपी हातात धरून, एखादं पाप केल्यासारखा.

"बोल की मला," तो म्हणाला. "मिस इझोरांनी घातल्या असत्या तशा शिव्या घाल."

"कशाला घालू? तुझ्या बायकोची दोन ऑपरेशनं झाली. जा, नीट राहा."

तो लाफायेतला गेला, मुलाच्या घराजवळ. धडधाकट, जिवंत, आपला ट्रक स्वतः चालवत गेला. त्याचं घर शुक्रवारी पाडलं. सोमवारी, दुपारी दोन वाजता, भोंगा झाला.

त्या दिवशी खोलीत मला पाय लांब करता आला नाही. समोर काही दिसत नव्हतं. टब, बेसिन, क्लोविस, भिंत, सगळं होतं तसं होतं. पण पाय पुढे सरकवायचा धीर होईना, भरलेल्या लिफ्टमध्ये होत नाही तसा. अंगाला ऊब लागत होती. आणि बेसिनच्या बाजूला कोणीतरी घसा खाकरला. एकदा. दोनदा. तीनदा.

क्लोविसने माझा हात घट्ट धरला. "अल्सीद मेला," तो म्हणाला. "अरे देवा, अल्सीद मेला."

लांब भोंगा झाल्याबरोबर मी फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. मी फोन टेबलावर ठेवून त्याच्यावर वाकले.

"हं, व्हर्डेल," अल्सीद म्हणाला.

मला रडूच फुटलं. "जिवंत आहेस का रे?"

"आहे म्हणजे काय." पण त्याचा आवाज खोल गेलेला होता. "तुमच्याकडे आत्ता भोंगा झाला ना? दोनच्या सुमाराला?"

"तुला कसं कळलं? बातमीत सांगितलं?"

"नाही. मी इथे पोराच्या अंगणात खुर्चीवर बसलो होतो. इथे काही कारखाना नाही, काही नाही. पण मला ऐकू आला. मग... सून सांगते, मी चाळीस मिनिटं डोळे उघडे ठेवून बसलो होतो. हाक मारली, हलवलं, काही नाही. ती रुग्णवाहिका बोलावणार होती."

"आणि तुला काय आठवतं?"

"तुझ्या बेसिनच्या नळाला पान्याने एक पीळ द्यायला हवा. गळतो तो." त्याने घसा खाकरला. "तुम्ही दोघं आमच्याकडे बघत का नव्हता गं? क्लोविस म्हणाला, अल्सीद मेला. मी त्याच्या शेजारी उभा होतो."

५

मी क्लोविसला हे सांगायला नको होतं. पण आम्ही कधी एकमेकांपासून काही लपवलं नाही, म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्याचं घर सोडायचं बोलणं बंद झालं. झोप बंद झाली. बाथरूमला जायचं असलं की तो दार उघडं ठेवायचा, आणि जाण्याआधी दारावर टकटक करायचा.

जमीन घेणाऱ्यांची बाई दर आठवड्याला यायची. चांगली मुलगी होती, आमच्यातलीच, केस नीट बांधलेली, बोलणं मऊ. "मिस व्हर्डेल, आता तुम्हीच तेवढ्या राहिलात. एकटं वाटत नाही का हो?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

जूनच्या अकरा तारखेला भोंगा झाला तो तीन तास थांबला नाही. कारखान्याच्या बाजूला आभाळ पितळेच्या रंगाचं झालं होतं. पहिल्या तासातच खोलीतली हवा जड झाली. मी मोजलं. चौदा. दोन माणसांच्या खोलीत चौदा जण श्वास घेत होते आणि दर श्वासाला थोडं कमी उरत होतं. भिंतींना घाम सुटला होता. टॉवेल वाळला, मी तो पुन्हा भिजवला, तो पुन्हा वाळला. खाली ट्रूडीचा श्वास अडकायचा, सुटायचा, अडकायचा. माझा हात नकळत खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

दुसऱ्या तासात क्लोविसचे ओठ निळे पडले. यंत्राचा आकडा तर बरोबर होता. पण त्याने नळी नाकातून काढून खाली, गुडघ्याजवळ धरली होती.

"क्लोविस! काय करतोस?"

"लहान आहे गं ती," तो म्हणाला आणि माझ्या अंगावर कोसळला.

भोंग्यामुळे बंद केलेला रस्ता उघडल्यावर रुग्णवाहिका आली. तो वाचला. डॉक्टरांनी त्याला इथे परत यायला मनाई केली आणि भाची त्याला बॅटन रूजला घेऊन गेली. निघताना तो गाडीच्या काचेतून घराकडे बघत होता. "मी जातोय कुठे," तो म्हणाला. "येईनच मी." भाचीला वाटलं त्याचं डोकं जाग्यावर नाही. तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

६

एकोणीस जूनला सकाळी, ओसरीत भेंडी चिरत बसले होते, तेव्हा भोंगा झाला. आत जायला मन घेत नव्हतं. पण तो गोड वास दारापर्यंत आला होता, घशात चरचरायला लागलं होतं. मी गेले. पट्टी लावली, टॉवेल दाबला. दाराला आतून छोटी कडी आहे, ती कधी लावत नाही, त्या दिवशीही लावली नाही.

टबाच्या काठाकडून आवाज आला. टक्. फुस्स. टक्. फुस्स.

यंत्र बॅटन रूजला होतं. माझा भाऊही.

मी डोळे मिटून घेतले. या वेळी पाठीने मोजलं नाही, मोजायला जागाच नव्हती. चहूकडून श्वास लागत होते, मानेवर, मनगटावर, गुडघ्यावर. कोणी काही वाईट करत नव्हतं. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कोणी काही वाईट करत नव्हतं. सगळे अंग चोरून उभे होते, जसं शहाणी माणसं गर्दीत उभी राहतात. पण हवा संपत होती. माझी छाती भात्यासारखी चालली होती आणि आत काही जात नव्हतं. खाली ट्रूडीचा श्वास अडकला. मी वाट बघितली. तो सुटला नाही.

तेव्हा मी ठरवलं, मी बाहेर पडले तर तिला तेवढी हवा उरेल. या सगळ्यांत बाहेर दम धरू शकेल अशी मीच होते. माझा ट्रक अंगणात होता. मी दाराची पट्टी ओढली, तोंडाला ओला रुमाल बांधला, बाहेर पडले आणि दार मागे लोटलं.

बोळात हवा पिवळट होती. डोळे असे झोंबले की पुढचं दार दिसेना. मी चार पावलं गेले असेन. मागे आवाज झाला.

चिकटपट्टी ओढल्याचा. रोलवरून पट्टी ओढली जाते तेव्हा होतो तो लांब, करकरीत आवाज. एकदा वरून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. भराभर, सफाईने, हात बसलेल्या माणसासारखा. मग दाराखालची फट काळी झाली. कोणीतरी टॉवेल दाबला.

मग कडी लागली.

माझा घसा बंद व्हायला लागला होता. ट्रकपर्यंत पोचेन असं वाटेना. मी मागे फिरले आणि दार ठोठावलं. "क्लोविस!" मी ओरडले. "मी आहे! डेल!" दोन्ही हातांनी बडवलं. आत एकदम सगळं चिडीचूप झालं. श्वाससुद्धा थांबले, यंत्रसुद्धा. मग एक बाई हळू आवाजात काहीतरी बोलली, पोरांना दटावावं तसं. शब्द कळले नाहीत. आवाज ओळखीचा होता, पण मिस इझोरांचा नव्हता, आईचा नव्हता, गल्लीतल्या कुठल्याच बाईचा नव्हता. कुठे ऐकलाय ते काही केल्या आठवेना.

ट्रकपर्यंत मी कशी गेले ते मला सांगता येणार नाही. काचा वर करून नदीच्या बांधावरून चार मैल गेले आणि गवतात ओकले.

दुपारी परत आले. भोंगा थांबला होता. बाथरूमचं दार आतून बंदच होतं. मी खांदा लावला, कडी निसटली, आणि पट्टी तिन्ही बाजूंनी चरचरत सुटली. आत कोणी नव्हतं. नुकत्याच रिकाम्या झालेल्या बसमध्ये येते तशी ऊब तोंडावर आली.

७

संध्याकाळी क्लोविसचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण शांत. कित्येक महिन्यांनी इतका शांत ऐकला.

"बरी आहेस ना?"

"आहे. तू?"

"भाची म्हणते, मी सकाळभर खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो. तिला तसंच वाटू दे. घर विकू नकोस, डेल. मी आधी म्हणालो होतो ते विसर. ते पिवळं यंत्र आलं तर आम्ही सगळे जाणार कुठे?"

"नाही विकत," मी म्हटलं. "क्लोविस, ट्रूडीचा श्वास..."

"सुटला. तू तिला मांडीवर घेतलंस ना, तेव्हा सुटला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.  बाहेर कारखान्याचे दिवे लागत होते.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "दार कोण वाजवत होतं गं? पोरं किती घाबरली. माझं नाव घेऊन हाका मारत होतं. आवाज तुझ्यासारखा होता अगदी. मी उघडायला उठलोही होतो."

"मग?"

"मग काय? तूच माझा हात धरलास आणि कडी लावलीस. म्हणालीस, बस खाली. बाहेर आपलं कोणी उरलेलं नाही."